गोल्फमध्ये अमॅच्युअर राहावं की प्रो व्हावं? सातारा-सांगलीच्या पोरांसाठी थोडा हिशेब

भाचा सांगलीचा. वय २०, हँडिकॅप १, म्हणजे चांगल्या दिवशी मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण एकच फटका जास्त. दिवाळीला साताऱ्यात आला तेव्हा कंदी पेढ्यांचा बॉक्स उघडायच्या आत त्याने विचारलं, "मामा, प्रो होऊ का?"

मी स्वतः अठरा वर्षं अमॅच्युअर म्हणून खेळतोय. काही ट्रॉफ्या कपाटात आहेत, पोट बँकेच्या नोकरीवर भरतं. माझं माप थोडं एका बाजूला झुकलेलं असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

मुळात "अमॅच्युअर म्हणजे कच्चा" हे डोक्यातून काढा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले आणि पुढे पोलीस खात्यात नोकरीला लागले. गोल्फमध्ये तर बॉबी जोन्सने १९३० साली अमेरिका आणि ब्रिटनच्या ओपन आणि अमॅच्युअर अशा चारही स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. धंद्याने वकील, आणि चारही जिंकल्या त्या अमॅच्युअर म्हणूनच.

आपल्याकडच्या लोकांचा गोंधळ होतो तो इनामावरून. जत्रेच्या फडात रेवड्यांच्या कुस्तीपासून लाखाच्या जोडीपर्यंत पैलवान इनाम घेतो, त्यावरून त्याला कोणी अडवत नाही. गोल्फमध्ये अडवतात. अमॅच्युअरला मिळणाऱ्या बक्षिसाची किंमत ७०० पौंड किंवा १,००० डॉलरच्या आतच असावी लागते. हँडिकॅपवर, म्हणजे हँडिकॅपचे फटके वजा करून खेळलेल्या स्पर्धेत तर रोख घेताच येत नाही, वस्तू घ्यायची. पैसे घेऊन शिकवता येत नाही. क्लबचा प्रो म्हणून नोकरी धरली की अमॅच्युअरपण संपलं.

मात्र १ जानेवारी २०२२ पासून एक मोठं दार उघडलंय आणि ते आपल्या भागात फारसं कोणाच्या लक्षात आलेलं नाही. प्रायोजकावरची बंधनं उठली. मार्केट यार्डातल्या हळदवाल्याने भाच्याच्या टी-शर्टवर पेढीचं नाव टाकून प्रवासखर्च दिला, तरी तो अमॅच्युअरच राहतो. पूर्वी प्रो होण्यामागे "निदान स्पॉन्सर तरी मिळेल" हे कारण असायचं. आता ते उरलेलं नाही.

प्रो झाल्यावर काय? भारतात मुख्य दौरा पीजीटीआयचा (प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया), २००६ पासूनचा. आत शिरायला क्यू स्कूल, म्हणजे पात्रता स्पर्धा. एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला साधारण १५ लाख मिळतात, आणि हा आकडा ऐकला की घरातल्यांचे डोळे मोठे होतात. पण पहिल्या दोन फेऱ्यांनंतर कट असतो, म्हणजे मागे पडलेले तिथेच गळतात. कटबाहेर गेलात तर हातात काहीच नाही. हॉटेल, बॅग उचलणारा कॅडी, रेल्वे, एन्ट्री फी, सगळं खिशातून. समजा एका आठवड्याला ४० हजार गेले आणि वर्षात २० स्पर्धा खेळलात, तर ८ लाख झाले. त्यात सराव, कोच आणि दर वर्षी झिजणारे वेजेस (जवळच्या फटक्यांच्या काठ्या) धरलेले नाहीत. भाच्याच्या बाबांचं द्राक्षाचं शेत आहे. अवकाळीच्या वर्षी हे ८ लाख कुठून येणार, हे त्याने त्यांना समोर बसवून विचारलं पाहिजे. मी विचारणार नाही, मेहुण्यांचं आणि माझं आधीच फार जमत नाही.

आता हँडिकॅप. पोरं याच्याच जोरावर प्रो व्हायला निघतात. शेवटच्या २० स्कोअरमधले उत्तम ८ धरून तो काढतात. म्हणजे उरलेल्या १२ फेऱ्या कितीही घाण खेळलात तरी हँडिकॅपला त्याचं काही नाही. कटला मात्र आहे. गुरुवारी ७० आणि शुक्रवारी ७९ मारणारा घरी येतो, दोन्ही दिवस ७३ मारणारा राहतो. शिवाय आपला हँडिकॅप बनतो पुण्यातल्या ओळखीच्या एक-दोन मैदानांवर, जिथली प्रत्येक उतरंड पायाला माहीत असते. प्रोच्या स्पर्धेत टी (पहिला फटका मारायची जागा) मागे, पिन (होलमधला झेंडा) कोपऱ्यात आणि ग्रीन (होलभोवतालची बारीक हिरवळ) असे की बॉल थांबतच नाही.

म्हणून भाच्याला सांगितलं, कागद घे. शेवटचे २० स्कोअर लिही, चांगले ८ खोड. उरलेल्या बारांची सरासरी काढ. प्रो म्हणून तू तो आहेस.

रोजच्या जगण्यातला फरकही बघा. अमॅच्युअरचा दिवस म्हणजे पहाटे साडेतीनला साताऱ्याहून निघायचं, खंबाटकी उतरायचा, खेड-शिवापूरचा टोल, साडेसहाला पहिल्या टीवर. ग्रीनवर दव असतं, पट मारला की बॉलमागे लांब ओली रेघ उमटते आणि ती कुठे वळली ते वाचून पुढच्याने मारायचं. दुपारी परत, सोमवारी बँकेत. एकदा एका स्पर्धेत चौदाव्या होलला मी पाच मारले, मार्करने (माझा स्कोअर लिहिणाऱ्या सोबतच्या खेळाडूने) चार लिहिले आणि मी न बघता सही ठोकली. खरा आकडा जास्त आणि कार्डावर कमी, म्हणजे थेट बाद. माझा एक रविवार गेला. बायको दोन दिवस हसत होती. प्रोचा त्याच एका आकड्यावर आठवड्याचा चेक जातो, आणि असे दोन-तीन चेक गेले की पुढच्या वर्षी दौऱ्यावर खेळायचं कार्डही धोक्यात.

याच्या उलट बाजूही आहे, ती लपवणार नाही. ज्याला शिकवायची खरी आवड आहे, त्याने अमॅच्युअर राहण्यात काही अर्थ नाही. नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र घ्यावं, ड्रायव्हिंग रेंजवर उभं राहावं. बरं कमावता येतं आणि कटची भीती नाही. आणि ज्याचा खेळ अखिल भारतीय पातळीवर सिद्ध झालाय, त्यानेही थांबू नये. शुभंकर शर्मा ऑल इंडिया अमॅच्युअर जिंकून २०१३ साली सोळाव्या वर्षी प्रो झाला. अदिती अशोक २०१६ च्या सुरुवातीला प्रो झाली, त्याच वर्षी विमेन्स इंडियन ओपन जिंकली आणि पुढे २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला चौथी आली. पुण्याचा उदयन मानेही टोकियोला खेळला. पण क्रम बघा: आधी देशभरातल्या अमॅच्युअरांना हरवलं, मग पाटी बदलली. जिल्ह्यात, क्लबात पहिला येणं म्हणजे ती पातळी नव्हे, आणि हे मी माझ्या कपाटातल्या ट्रॉफ्यांकडे बघूनच म्हणतोय.

आणखी एक गोष्ट. क्यू स्कूलला अमॅच्युअर म्हणूनही उतरता येतं, बक्षिसावर पाणी सोडलं की झालं. आधी खेळून बघा, पाटी नंतर बदला. प्रो व्हायला एक दिवस पुरतो. परत अमॅच्युअर व्हायचं तर अर्ज करायचा, काही महिने थांबायचं, आणि तोवर ज्या वयात राज्याच्या किंवा देशाच्या अमॅच्युअर संघात जागा मिळाली असती ते वय निघून जातं.

भाऊबीजेच्या रात्री सांगलीहून मेसेज आला. बारांची सरासरी ७६.८. खाली लिहिलं होतं, "आठांची ७२.४ आहे मामा." मी म्हटलं, तो आकडा मला नको सांगूस. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष संपव आणि मार्चमध्ये पुण्याबाहेरच्या, कधीही न बघितलेल्या मैदानावर चार दिवसांची स्पर्धा खेळ. कॅडी म्हणून मी येतो. रजा शिल्लक आहे माझी.