रीफ टँकसाठी सुटं मीठ घेताय? आधी हे वाचा

समुद्र हाकेच्या अंतरावर असला तरी मुंबईतले रीफ टँकवाले, म्हणजे घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरल (प्रवाळ) आणि मासे पाळणारे, किनाऱ्याचं पाणी सहसा वापरत नाहीत. आरओच्या पाण्यात आयात केलेलं मरीन सॉल्ट विरघळवतात, लिटरला साधारण 35 ग्रॅम. आख्खी बादली महाग पडते, म्हणून काही दुकानदार ती फोडून पारदर्शक पिशव्यांत सुटं मीठ विकतात. माझा नेहमीचा दुकानदार त्यातलाच. "माल तोच आहे साहेब, फक्त बादलीचे पैसे वाचतात."

रिफ्रॅक्टोमीटरवर सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, दर वेळी 35 च यायची. मेख तिथेच आहे. पाण्यात मीठ किती, एवढंच ते यंत्र सांगतं. कुठलं, ते सांगत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळूनच साधारण 85 टक्के भरतात. त्यामुळे पिशवीत साधं मीठ मिसळलं तरी रीडिंग फारसं हलत नाही. मार बसतो तो कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटला.

माझ्या टँकमध्ये मागच्या काचेवरचं जांभळं कोरलाइन शेवाळ आधी पांढरं पडलं. मग टर्बो गोगलगायींच्या शंखांवर खडूसारखे खड्डे दिसू लागले. दुकानदाराला फोटो दाखवले, तर म्हणाला, "पाण्यात ऑरगॅनिक्स वाढलेत." आणि हातात एक बाटली ठेवली. हे निदान त्याच्या सोयीचं होतं. कॅल्शियम मोजायला घरगुती किट मिळतं. ऑरगॅनिक्स म्हणजे विरघळलेले सेंद्रिय पदार्थ, ते घरच्या घरी नीट मोजता येत नाहीत. म्हणजे त्याला खोटं ठरवणार कोण?

खरं तर उरलेलं खाणं, माशांची घाण, कोरलचा चिकट स्राव यांतून सेंद्रिय पदार्थ साठतातच आणि पाणी पिवळसर होतं. पण स्किमर, म्हणजे बुडबुड्यांनी पाण्याचा फेस करणारं यंत्र, त्यातला बराच भाग फेसाबरोबर बाहेर काढतो, पिवळेपणा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन शोषून घेतो. माझं पाणी तर काचेसारखं होतं. सांगितलेला डोस टाकला आणि सकाळी टँक दुधाळ, मासे वर येऊन धापा टाकतायत. बाटली हुंगली, तर सरळ व्हिनेगर! व्हिनेगर काही जण नायट्रेट उतरवायला थेंबाथेंबाने देतात, पण तो स्वतःच सेंद्रिय कार्बन आहे. एकदम जास्त पडला की जिवाणू फोफावतात आणि ऑक्सिजन संपवतात. ऑरगॅनिक्स घालवायला ऑरगॅनिकच विकलं पठ्ठ्याने.

मग टँकचं पाणी बाजूला ठेवून नुसतं मीठच तपासलं. एका भांड्यात त्याचं सुटं मीठ, दुसऱ्यात त्याच ब्रँडच्या सीलबंद बादलीतलं, दोन्ही 35 वर. सीलबंदमध्ये कॅल्शियम 430 पीपीएम, केएच (बायकार्बोनेटचं माप) 8. सुट्यात कॅल्शियम 240, केएच 4. "तुमचं किट जुनं असेल," हे त्याचं उत्तर.

सुटंच घ्यायचं असेल, तर टँकमध्ये जाण्याआधी भांडंभर पाणी बनवून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि केएच तपासा. खऱ्या समुद्रात ते साधारण 410, 1290 आणि 7 असतात. आपलं पाणी बिघडलेलं निघालं, तर एका झटक्यात सुधारायला जाऊ नका, केएचची उडी कोरलला सोसत नाही. थोडं थोडं पाणी बदलत आणा. आणि बिलावर ब्रँड व बॅच नंबर लिहून मागा. माझ्या बिलावर नुसतं 'सॉल्ट' होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे 1915 ला, फोन करायचं ठरवलं तेव्हा हातात पुरावा म्हणून एवढाच कागद.