दंडावरचा शुगर सेन्सर: चांगला आहे, पण शेअरिंगचं सेटिंग आधी बघा

टाइप वन डायबेटिस आहे मला, शाळेपासून इन्सुलिन चालू. अठरा झाल्यावर लहान मुलांच्या डॉक्टरांनी मोठ्यांच्या डॉक्टरकडं पाठवलं आणि तिथं पहिलाच प्रश्न मम्मीला नाही, मला विचारला. मग हा दंडाला चिकटवायचा 14 दिवसांचा सेन्सर घेतला.

लावताना खट् करून आवाज येतो, बाकी काय दुखत नाही. बोट टोचून जेवणाआधीचा नि नंतरचा आकडा कळायचा, मधे काय चाललंय ते कळायचंच नाही की. आता कडक भाकरी, शेंगा चटणी खाल्ली की फोनवर शुगरची रेघ निवांत चढताना दिसते आणि कॉलेजच्या कॅन्टीनमधल्या गोड चहाला सरळ वर. सोलापूरच्या गड्डा जत्रेत होम मैदानावर फिरून फिरून शुगर 70 च्या खाली गेली तर फोन बोंबलला, खिशातली 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर खाल्ली, 15 मिनिटं बसलो, परत चेक केलं, मगच पाळण्यात बसलो.

पण हा रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो, त्यामुळं शुगर भराभर बदलत असली की थोडा मागं असतो. हातपाय थरथरायला लागलेत आणि हा 95 दाखवतोय, तर बोट टोचा. सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलात तरी रात्री खोटी लो, म्हणजे शुगर कमी झाल्याचं दाखवतो. मे महिन्यात आपल्याकडच्या घामानं कडा सुटतात, वरून टेप लागतोच.

आता शेअरिंग. मम्मीच्या फोनवर सगळे आकडे जायला लागले आणि वैताग सुरू, लेक्चरला बसलोय, 220 झाली की लगेच फोन, "काय खाल्लास रे?" भांडण झालं एकदा चांगलंच. मग तिच्या ॲपमधला हाय शुगरचा अलार्म बंद केला, लो शुगरचा तेवढा ठेवला, हाय माझी मी बघतो. लो शुगरचा अलार्म काढू नका, हॉस्टेलवाल्यांनी तर अजिबात नको. दारू पोटात असली की लिव्हर साखर सोडायचं कमी करतं आणि लो कधी कधी पहाटे झोपेत येते, हे नव्या डॉक्टरांनी मम्मीला बाहेर बसवून सांगितलं, पहिल्यांदा कुणीतरी आपल्याशी मोठ्या माणसासारखं बोललं राव.

किंमत लै आहे, महिन्याला दोन लागतात, सगळ्यांना झेपणार नाही. नसेल जमत तर डॉक्टरच्या तारखेआधी एकच लावा, 14 दिवसांचा रिपोर्ट प्रिंट काढून न्या. त्यात शुगर 70 ते 180 मध्ये किती टक्के वेळ होती ते येतं, बहुतेकांना 70 टक्क्यांच्या वर ठेवायला सांगतात. माझा अजून तिथवर नाही पोचला.

पाचपैकी चार स्टार, एक कापला तो किमतीचा. मेडिकलमधनं घेताना एक्स्पायरी बघून घ्या आणि खोकं फेकू नका, सेन्सर मधेच बंद पडला तर कंपनीला त्यावरचा नंबर सांगावा लागतो.