‘पाच टन ओढतो’ म्हणून विकलेला ट्रक

मला हा पिकअप ट्रक विकणाऱ्याने कुठलाही आकडा मनाने रचला नाही, म्हणून हा प्रकार सविस्तर लिहितोय. ‘हे मॉडेल पाच टनांचा ट्रेलर ओढतं,’ असं तो म्हणाला आणि उत्पादकाचं माहितीपत्रक उघडून दाखवलं. तिथे तो आकडा होताही. फक्त तो त्या मॉडेलच्या एकाच बांधणीला लागू होता, आणि माझ्यासमोर उभा असलेला ट्रक दुसऱ्याच बांधणीचा होता.

एकाच नावाच्या ट्रकमध्ये किती फरक असतो, हे विकणाऱ्याला पुरतं माहीत असतं. इंजिन तेच, पण मागच्या एक्सलचं गिअर गुणोत्तर कुठे ३.७३, कुठे ३.३१. माझ्या ट्रकला ३.३१ निघालं. म्हणजे त्याच गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर सुमारे ११ टक्क्यांनी कमी. मोकळ्या ट्रकला हे कळत नाही, उलट डिझेल थोडं वाचतं. मागे भरलेला ट्रेलर आणि समोर लांबलचक चढ असला की गिअरबॉक्स सारखा गिअर खालवर करतो, त्याचं तेल तापतं आणि तापतच राहतं.

‘टोइंग पॅकेज आहे’, म्हणजे ट्रेलर ओढायची खास तयारी आहे, हे त्याचं दुसरं वाक्य. कारखान्यातून येणाऱ्या अशा पॅकेजमध्ये साधारणपणे गिअरबॉक्सच्या तेलाचा वेगळा किंवा मोठा कूलर, ट्रेलरच्या ब्रेकची वायरिंग, मजबूत हिच (ट्रेलर अडकवायचा सांधा) अशा गोष्टी असतात. इथे बाहेरून आणलेली हिच बोल्टने बसवलेली होती आणि सात पिनांचं सॉकेट लावलेलं होतं. सॉकेटमधून दिवे लागायचे, म्हणून सगळं ठीक वाटलं. ब्रेकच्या पिनेला मागून वायरच जोडलेली नव्हती! तीन टनांचा ट्रेलर स्वतःचा ब्रेक न लावता मागून ढकलतो तेव्हा उतारावर काय होतं, ते मी अनुभवलंय. गाडीत माझी माणसं होती. या एका गोष्टीसाठी मी त्या विक्रेत्याला कधीही माफ करणार नाही.

गिअरबॉक्सचं तेल त्याने कौतुकाने दाखवलं होतं, लालभडक. ते नुकतंच बदललेलं होतं. जळकट वास आणि काळपट रंग लपवायचा हा सोपा मार्ग आहे. त्यामुळे तेल अगदीच नवं दिसलं, तर ते कधी आणि का बदललं हे विचारा, गॅरेजची नोंद मागा. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांबरोबर हवेच्या पिशव्याही बसवल्या होत्या. त्यामुळे वजन टाकलं तरी ट्रक मागून बसत नव्हता आणि दणकट दिसत होता. या पिशव्या ट्रकची पातळी राखतात, पण एक्सल, टायर, ब्रेक यांची क्षमता काडीचीही वाढवत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चालकाच्या दाराच्या चौकटीवर बहुधा एक लेबल असतं, त्यावर त्या ट्रकचा स्वतःचा पेलोड, म्हणजे माणसं-सामान धरून ट्रकवर टाकता येणारं कमाल वजन, लिहिलेला असतो. माझ्या ट्रकवर ते नव्हतं. ‘रंगकामात निघालं,’ असं उत्तर मिळालं. पुढे चेसिस नंबरावरून उत्पादकाकडे चौकशी केली तेव्हा पेलोड ६४० किलो असल्याचं कळलं. आता हिशेब बघा. माझा ट्रेलर भरल्यावर ३,२०० किलो. ट्रेलर स्थिर चालायचा तर त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा, म्हणजे ३२० ते ४८० किलो. तो भार पेलोडमधूनच वजा होतो. वर माणसं, सामान आणि हिचचं वजन. ओढण्याची मर्यादा गाठायच्या कितीतरी आधी पेलोड संपला! वजनकाट्यावर मागचा एक्सल मर्यादेपलीकडे दिसला तेव्हा सगळा उलगडा झाला. माहितीपत्रकातले ते मोठे आकडे बहुतेकदा ज्या एसएई जे२८०७ या ट्रेलर ओढण्याच्या प्रमाणित चाचणीवर बेतलेले असतात, तिच्यात ट्रकमध्ये प्रत्येकी सुमारे ६८ किलोची दोनच माणसं धरलेली असतात. कुटुंब आणि लांबच्या प्रवासाचं सामान त्यात नसतं.

ट्रेलर जोडून चालवून बघू का, असं मी विचारलं होतं. विम्याचं कारण सांगून त्याने नकार दिला आणि सपाट रस्त्यावर मोकळा ट्रक फिरवून आणला. तुम्हाला असाच नकार मिळाला तर तिथूनच परत फिरा. लांब पल्ल्याच्या ट्रकची परीक्षा भरलेला ट्रेलर लावून, चढावर, तेल पूर्ण तापल्यावरच होते. ट्रेलर विकणारा सांगतो ते वजनही बहुतेकदा रिकाम्या ट्रेलरचं असतं. राहण्याच्या ट्रेलरमध्ये २०० लिटर पाणी भरलं की २०० किलो वाढतात, आणि गॅस, भांडी, अंथरुणं अजून बाकीच असतात.

व्यवहार चालू असेल तर एक्सलचं गुणोत्तर, पेलोड आणि ओढण्याची मर्यादा बिलावर चेसिस नंबरासमोर लिहून घ्या आणि त्याखाली सही घ्या. माझ्या बिलावर त्याने फक्त मॉडेलचं नाव टाकलं होतं. तक्रार घेऊन गेलो तेव्हा त्याने तेच बिल आणि तेच माहितीपत्रक शेजारी शेजारी ठेवलं आणि ‘यात खोटं काय आहे ते दाखवा,’ असं म्हणाला.