नमुना कॉटनचा, माल टेरिकॉटचा: युनिफॉर्मच्या ऑर्डरीत झालेली फसवणूक

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, मी एचआर आणि अ‍ॅडमिन बघते. 2024 च्या खंडेनवमीला, मशिनरीच्या पूजेचा मुहूर्त धरून, आमच्या कंपनीचं नाव आणि लोगो बदलला. त्याच दिवशी सगळ्यांच्या अंगावर नवा युनिफॉर्म असावा असं ठरलं होतं. त्या ऑर्डरीत आम्हाला फसवण्यात आलं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण प्रकरण माणसांच्या जिवाशी खेळणारं होतं म्हणून सगळं लिहिते आहे. कोल्हापूर, कागल, इचलकरंजीत बऱ्याच कारखान्यांत पुढची पिढी आली आहे, जुनी नावं बदलताहेत. अशी ऑर्डर उद्या तुमच्याही टेबलावर येईल.

रंग, खिसे, लोगो डाव्या छातीवर की बाहीवर, यावर आमच्याकडे भरपूर चर्चा झाली. ऑफिसला आकाशी, मशीन शॉपला राखाडी आणि फौंड्रीला गडद निळा असं ठरलं. कापडाबद्दल मात्र चर्चेला जागाच नव्हती. भट्टी, मोल्डिंग (साचे बनवणं) आणि फेटलिंगच्या (ओतलेल्या भागांची साफसफाई) लोकांना शंभर टक्के कॉटन, ही अट पीओच्या, म्हणजे खरेदी ऑर्डरच्या, पहिल्याच ओळीत होती. लोखंडाचा रस 1,400 अंश सेल्सिअसच्या आसपास ओतला जातो आणि पॉलिस्टर 250-260 अंशांनाच वितळतं. सुती कापडावर ठिणगी पडली तर भोक पडतं, कडा करपते, झटकलं की गेलं. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं आणि सोडवताना कातडी घेऊन येतं. फौंड्रीत काम केलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. ज्या व्यापाऱ्याला ही ऑर्डर दिली त्यालाही ते पक्कं माहीत होतं, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त लागते.

माणूस कापडातला जाणकार होता. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात होलसेलचा गाळा आणि इचलकरंजीत स्वतःचे लूम (माग) असल्याचं सांगायचा. पहिल्याच भेटीत त्याने आमच्या मालकांसमोर नमुन्याच्या कापडातला एक धागा ओढला आणि काडी लावली. धागा कागदासारखा जळला, वास कागद जळाल्याचा, राख मऊ करडी. मग टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिस्टर आणि कापूस मिसळलेल्या कापडाचा, धागा जाळला. तो आकसला, वितळला आणि टोकाला कडक काळा मणी राहिला. "साहेब, असा मणी दिसला तर माल माझ्या तोंडावर मारा," असं म्हणाला. हे सगळं खरं होतं. नमुनाही खराच होता. पुढचा सगळा विश्वास त्याने त्या काडीवर कमावला.

नंतरची चाल फार शांतपणे खेळली गेली. मंजूर झालेला नमुना तो "मिलमध्ये शेड मॅच करायला" म्हणून परत घेऊन गेला. निम्मा अ‍ॅडव्हान्स घेतला. त्याच्या माणसांनी गेटवर प्रत्येक कामगाराची मापं घेतली, महिला कर्मचाऱ्यांसाठी वेगळ्या बाई आल्या. मग ऑफिसचा लॉट आला, छोटा, पण एक नंबर. शिलाई नेटकी, एम्ब्रॉयडरी कुठे ओढलेली नाही. तो बघून बाकीचे पैसेही सुटले. फौंड्रीचा मोठा लॉट मात्र नवमीच्या आदल्या रात्री आला, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या बंद पिशव्यांतून. सकाळी पूजा, पाहुणे, फोटो. पिशव्या थेट कामगारांच्या हातात गेल्या.

दसऱ्यानंतर तक्रारी सुरू झाल्या: कापडात घाम मुरत नाही, ते अंगाला चिकटतं. नवं कापड आहे, धुतल्यावर बसेल, असं तो फोनवर सांगत राहिला. मग एका पाळीला रस ओतताना लेडलमधून (रस ओतायच्या पात्रातून) शिंतोडा उडाला आणि एका मुलाच्या बाहीवर पडला. बाही झटकली तरी ती सुटेना. मनगटाच्या वर रुपयाएवढा भाग भाजला आणि त्यात निळं वितळलेलं कापड रुतून बसलं. सुदैवाने तेवढ्यावर निभावलं. भट्टीवरच्या मामांनी ती बाही माझ्यासमोर धरली. "मॅडम, हे सूत न्हवं. सूत असं कातड्याला चिकटत न्हाई." मी तिथेच धागा ओढून जाळला. टोकाला काळा मणी.

त्याच दिवशी फौंड्रीतले सगळे नवे ड्रेस काढून घेतले आणि जुनी खाकी परत दिली. मापाच्या ट्रायलसाठी आणलेला एक शर्ट सिक्युरिटीच्या केबिनमध्ये राहून गेला होता. तो अस्सल कॉटनचा निघाला आणि आमचा सर्वांत मोठा पुरावा ठरला. तो शर्ट आणि आलेला माल, दोन्ही कापडं प्रयोगशाळेत दिली. तिथे तीव्र गंधकाम्लात कापूस विरघळवतात, मागे उरतं ते पॉलिस्टर. आमच्या मालात निम्म्याहून जास्त पॉलिस्टर निघालं.

मग बिल उघडून बघितलं. जीएसटी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्या पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, मालक कोण ते सांगतं: कंपनी असेल तर सी, भागीदारी असेल तर एफ, एकटा माणूस असेल तर पी. बिलावर नाव "प्रायव्हेट लिमिटेड" आणि नंबरात पी! जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला तर नाव तिसऱ्याच माणसाचं, नोंदणी रद्द झालेली. हजार रुपयांच्या आतल्या तयार कपड्यावर तेव्हा 5 टक्के कर होता, याने 12 टक्के लावून घेतला होता. तो कर सरकारकडे गेलाच नाही, आणि नोंदणीच रद्द असल्याने आमच्या 2बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून बनणाऱ्या जीएसटीच्या यादीत, त्या कराचं क्रेडिट (वजावट) दिसायचा प्रश्नच नव्हता. गांधीनगरचा गाळा भाड्याचा होता आणि तोवर रिकामा झाला होता.

वकिलांनी सांगितलं की व्यवसायासाठी केलेली खरेदी असल्याने ग्राहक आयोगाचा उपयोग नाही. मालविक्री अधिनियम 1930 चं कलम 17 मात्र आमच्या बाजूने आहे: नमुना दाखवून विकलेला माल दर्जाने नमुन्याशी जुळलाच पाहिजे. पण त्यासाठी नमुना तुमच्याकडे हवा. म्हणून तो परत नेला गेला होता. दिवाणी नोटीस दिली आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली पोलिसांत अर्जही दिला.

आता आमच्याकडे मंजूर नमुन्याचे दोन तुकडे होतात. दोन्हींवर दोघांच्या सह्या, तारीख, लाखेचं सील. एक आमच्या तिजोरीत राहतो, तो कुणी कितीही गोड बोललं तरी बाहेर जात नाही. कापड आम्ही स्वतः घेतो, शिलाई वेगळी देतो. लॉट आला की मधल्या कुठल्याही पिशव्या फोडून शिवणीच्या आतला धागा जाळून बघतो, आणि हे काम भट्टीवरचे मामाच करतात. शेवटचं पेमेंट फौंड्रीचा लॉट पास झाल्यावरच सुटतं.

आमच्या अर्जानंतर आणखी एका फौंड्रीवाल्यांचा फोन आला. त्यांच्याकडेही तीच काडी, तोच "शेड मॅच करायला" परत नेलेला नमुना. त्यांनी स्वतंत्र अर्ज दिला. तुमच्याकडे असं घडलं असेल तर तुम्हीही द्या. एकट्याचा अर्ज "हा तुमचा आपसातला व्यवहार आहे" म्हणून परत पाठवला जातो, एकाच माणसाविरुद्ध तीन-चार कारखान्यांचे अर्ज आले की ते म्हणणं अवघड होतं. आणि भट्टीवर सध्या जे ड्रेस घातले जातात त्यांतला एक धागा आजच्या पाळीतच जाळून बघा.