जुन्या रहस्यकथा: रद्दीचं दुकान की फुटपाथ?

जुन्या मराठी रहस्यकथा-भयकथा जमवायच्या आहेत, पण रद्दीवाल्याकडे जावं की मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, असा प्रश्न असेल तर आधी किंमत पाहा. रद्दीवाला बहुधा वजनावर देतो, त्यामुळे पॉकेट बुकं फारच स्वस्त पडतात. फुटपाथवरच्या विक्रेत्याला दुर्मीळ काय ते कळतं. तिथे घासाघीस करावीच लागते.

वेळ मात्र रद्दीत जास्त जातो. दिवाळीच्या साफसफाईत गठ्ठे येतात, तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी चक्कर हवी. फुटपाथवर हवं ते नाव सांगून ठेवता येतं.

खरी मेख अवस्थेत आहे. रहस्यकथेचं शेवटचं पान नसेल तर पुस्तक वाया! म्हणून दोन्हीकडे आधी शेवट बघा, मग पृष्ठक्रमांक सलग आहेत का ते तपासा. पानं गेलेली असतील तर बहुतेकदा १६ पानांचा अख्खा फर्माच (एकत्र छापून दुमडलेला पानांचा संच) निखळलेला असतो. रद्दीत कसर (कागद खाणारी कीड) आणि ओल जास्त. कुबट वास आला तर घेऊच नका, बुरशी शेजारच्या पुस्तकांना लागते. वाचनालयाच्या प्रती पुठ्ठा बांधणीमुळे टिकतात, पण मूळ मुखपृष्ठ गेलेलं असतं.

नुसतं भरपूर वाचायचं असेल त्याने रद्दी गाठावी. ठरावीक मालिका पूर्ण करणाऱ्याला किंवा मुखपृष्ठांसाठी जमवणाऱ्याला फुटपाथच बरा.