फोंड्याच्या रस्त्यावरची नर्सरी आणि साडेचारशेचा विलो

रोप उत्तम, सल्ला निम्माच कामाचा. नर्सरीचे नाव घेत नाही, पण फोंड्याकडे जाताना चिऱ्यांच्या कुंपणाआड शेडनेट दिसते ना, तसल्यांपैकीच एक.

आमच्या कुळागराच्या (पोफळी-नारळाच्या बागेच्या) खालच्या अंगाला पाटाचे पाणी बांधापाशी साचते. तिथे पोफळ धरत नाही, मुळे कुजतात. विलोला मात्र पायाशी ओल लागतेच, म्हणून विपिंग विलो, म्हणजे लोंबत्या फांद्यांचे विलोचे झाड, आणायचे ठरवले. छातीएवढे रोप साडेचारशेला पडले, घरपोच. पिशवी फाडून बघितली तर मुळे पांढरी, ताजी, तळाशी वेढे घातलेली नव्हती. याचे पूर्ण गुण.

आता तक्रारी. एका रांगेवर ‘रेड विलो’ अशी पाटी होती. पान चुरगळून नाकाशी धरले, तर निलगिरीच्या जातकुळीतला उग्र वास. तो बॉटलब्रश होता, ऑस्ट्रेलियाचा! फांद्या लोंबतात म्हणून विलो होत नाही. विलोचे पान चुरगळले तर नुसता हिरवा वास येतो, आणि खालची बाजू राखाडी झाक मारते. हे दाखवल्यावर मालक हसले, पाटी तशीच राहिली.

मोबाइलवर गुलाबी-पांढऱ्या पानांच्या जपानी विलोचा फोटोही दाखवला, मागवून देतो म्हणाले. तो थंड हवेचा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ती नाजूक पाने करपणार. पैसे वाचवा.

लावायला आलेला मुलगा कामाला चपळ, पण खड्डा घेऊ लागला तो थेट सोकपिटाच्या, म्हणजे सांडपाणी मुरवायच्या खड्ड्याच्या, कडेला. “काकी, हांगा माती ओली आसा,” हे त्याचे कारण. ओली आहे म्हणूनच नको! विलोची मुळे पाण्याच्या मागावर पाइपांच्या सांध्यांत शिरतात. सेप्टिक टँक, विहीर, घराचा पाया यांपासून तो पंधरा मीटर तरी लांब हवा. खड्डा बांधापाशीच घेतला. जांभ्याच्या मातीत पावसाळा सरला की पाणी टिकत नाही, म्हणून बुंध्याभोवती सुपारीच्या झावळ्यांचे आच्छादन घातले.

बांबूबद्दल तर कुणी बोललेच नाही. शेंडा बांबूला बांधून वर चढवला नाही, तर फांद्या लवकर खाली झुकतात आणि झाडाऐवजी झुडूप होते. मी काथ्याने सैल बांधते, आणि बुंध्यावरचे खालचे फुटवे नखाने खुडते. लाकूड ठिसूळ असते, जूनच्या वाऱ्यात फांदी मोडते. मोडली तर फेकू नका. पेन्सिलीएवढी काडी बाटलीतल्या पाण्यात ठेवली की सालीवर आधी पांढरे ठिपके उठतात, मग त्यांतून मुळे फुटतात. शेजारच्या वहिनी माझ्याकडची काडी घेऊन गेल्या, नर्सरीला त्यांचे साडेचारशे मिळाले नाहीत.

विलोला “कीड लागत नाही” असे नर्सरीत सांगतात, तेही खरे नाही. कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. पाण्याचा जोरकस फवारा मारला की जातो.

पाचपैकी साडेतीन. विलो घ्यायला पुन्हा जाईन, पण खड्ड्याची जागा घरून ठरवून. आणि घराभोवती लहानसेच अंगण असेल तर त्याच नर्सरीत जाऊन जास्वंद घ्या, त्यांच्याकडची खरेच छान आहे.