फैजपूरजवळ केळीच्या सोपटाचं मखर करून घेतलं, त्याचा अनुभव

खानदेशात श्रावणात घरोघरी बसवतात ती देवी म्हणजे कानबाई. आमच्याकडे ती दर वर्षी वेगळ्या भावाच्या घरी बसते. यंदा पाळी आमची होती. सासर अमळनेर तालुक्यातलं, पण आम्ही राहतो भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये. पुढची खोली दहा बाय बाराची. त्यात चौरंग, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, जागरणाला बसणाऱ्या बाया आणि रोटाच्या प्रसादासाठी गावाहून येणारे सगळे भाऊबंद मावायचे होते. भिंतीला टेकून राहील, जागा खाणार नाही आणि दिसायला आपल्या घरचं वाटेल असं मखर मला हवं होतं.

मागच्या पाळीला मी ऑनलाइन प्लास्टिकच्या फुलांचा पडदा मागवला होता. फोटोत अबोली दिसणारा रंग खोक्यातून निघाला तेव्हा भडक गुलाबी होता, आणि पूजेच्या ओल्या हातांनी तो रंग सासूबाईंच्या पातळाला लागला. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला ते फार लागलं. त्याआधी आम्ही थर्माकोलचं मखर आणायचो. २०१८ मध्ये राज्यात त्यावर बंदी आली आणि तो प्रश्न मिटला.

यंदाचं मखर ज्या कार्यशाळेत करून घेतलं तिचा पत्ता मला एका रुखवतात सापडला. सावद्याला नात्यातलं लग्न होतं. रुखवतात मांडलेल्या वस्तूंमध्ये हातभर लांबीची एक बैलगाडी होती. चाकं, जू, साट्या, सगळं केळीच्या सोपटाचं. सोपट म्हणजे केळीच्या खोडाचा वाळलेला पापुद्रा, फुलवाले हार बांधायला वापरतात तेच. मी ती गाडी उचलून पाहिली तर हाताला हलकी, पण चाकाचा एकही आरा हलत नव्हता. नवरीच्या मावशीला विचारलं, आणि पुढच्याच रविवारी आम्ही फैजपूरला गेलो.

जागेला पाटी नाही. बागांमधून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर केळी ठेवायचं जुनं पत्र्याचं गोदाम आहे, तेच त्यांनी साफ करून घेतलंय. चालवणाऱ्या ताई चित्रकला शिकलेल्या, काही वर्षं पुण्यात नोकरी करून माहेरी परतलेल्या. नाव-नंबर लिहू नका, असं त्यांनी सांगितलंय, कारण सात बायकांच्या हातांना पेलेल एवढंच काम त्या घेतात. फैजपुरात उतरून केळीच्या धाग्याचं काम कुठे चालतं म्हणून विचारलंत तरी कोणीही नेऊन सोडेल.

पत्र्याखाली पाऊल टाकलं की आधी वास येतो, ओल्या खोडाचा, थोडा आंबूस. केळीच्या झाडाला घड एकदाच येतो. घड कापला की खोड निकामी, मग ते बांधावर पडून सडतं. यावल-रावेर भागात अशी खोडं किती निघत असतील ते बागा पाहिलेल्यांना सांगायला नको. इथे ती खोडं येतात. एक बाई कोयत्याने खोड उभं चिरून एकेक पापुद्रा सोलते, दुसरी तो मशीनच्या रुळांत धरते. गर खाली गळतो आणि पलीकडून केसांसारखा ओला धागा निघतो. बाहेरच्या पापुद्र्यांचा धागा जाड आणि तपकिरी, आतल्यांचा पांढरा आणि मऊ. ताईंनी दोन्ही जुड्या माझ्या हातात ठेवल्या. पांढरी जुडी गालाला लावून पाहिली तर रेशमाच्या जवळची वाटली. सोलणाऱ्या मावशींची बोटं मात्र चिकाने काळी झालेली. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही हे आपल्याला माहीत असतं, हातावर किती मुरतो ते मी तिथे पाहिलं.

धागा सावलीत वाळवून तुरटीच्या पाण्यात उकळतात आणि मग रंगवतात. पिवळ्यासाठी हळद आणि पळसाची फुलं, तपकिरीसाठी काथ, काळ्यासाठी गूळ-पाण्यात बरेच दिवस मुरवलेलं गंजकं लोखंड. हळदीचा पिवळा उन्हात लवकर उतरतो हे ताईंनी आपणहून सांगितलं आणि कायमच्या भिंतीसाठी तो घेऊ नका म्हणाल्या. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथेच.

चहा पिताना त्यांनी सांगितलं, १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस आले आणि त्यांनी अधिवेशनासाठी उभारलेल्या टिळकनगरची सजावट बांबू आणि गावात मिळणाऱ्या साहित्यातून केली. अधिवेशनाचं शाळेत वाचलेलं आठवत होतं, सजावटीचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. ज्या गावात सजावटीचा एवढा मोठा धडा घालून दिला गेला, त्याच्या शेजारी राहून आपण मांडवासाठी बाहेरचं प्लास्टिक आणतो, याचं मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं.

ताईंची पद्धत अशी, की तयार नमुना दाखवून तो विकत नाहीत. आधी घराचे फोटो मागतात, मग घरातलीच एखादी जुनी वस्तू आणायला सांगतात. मी सासूबाईंचं हिरवं लुगडं नेलं, मधे पार विरलेलं, काठ मात्र शाबूत. ताईंनी काठ कापून घेतले आणि उरलेलं लुगडं धुऊन, घडी घालून परत दिलं.

मखर तीन पटांचं आहे, पाच फूट उंच, उघडल्यावर सहा फूट रुंद. चौकट बांबूच्या कामट्यांची, मधे विणलेलं सोपट. मधल्या पटावर वर सूर्य-चंद्र आणि खाली ज्वारीची उभी ताटं. कणसातला एकेक दाणा म्हणजे पांढऱ्या धाग्याची गाठ आहे. माझ्या मुलीने एका कणसातल्या मोजल्या, चौसष्ट भरल्या. लुगड्याचा काठ कडेने गोधडीसारख्या धावदोऱ्याने शिवलाय. जवळून पाहिलं तर टाके सारखे नाहीत. एका बाजूचे आखूड आणि घट्ट, दुसरीकडचे लांब. दोघी बायका दोन टोकांकडून शिवत आल्या आणि खालच्या कोपऱ्यात भेटल्या, तिथे टाका बदलतो. मला तो कोपरा सगळ्यात जास्त आवडतो.

एकूण ४,२०० रुपये पडले. निम्मे आधी, निम्मे नेताना, रोख किंवा फोनवरून. रेडिमेड पडदा यापेक्षा खूप स्वस्त मिळतो. पण या मखरावर पाच आठवडे काम चाललं, आणि ते करताना मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून मला ही किंमत रास्त वाटते.

आता तक्रारी. पहिली, वेळेची. चार आठवडे सांगितले होते, पाच लागले. कानबाईच्या जेमतेम तीन दिवस आधी मखर हातात आलं आणि तोवर माझ्या जिवाला घोर होता. दुसरी तक्रार मोठी आहे. धागा ओल धरतो. श्रावणातल्या झडीत दोनच दिवसांत डाव्या पटाच्या खालच्या कडेला बारीक काळे ठिपके आले आणि दमट वास सुटला. फोन केला तर ताईंनी एका मावशींना एसटीने पाठवलं. त्यांनी तेवढी पट्टी उसवून नवी बसवली, मागे कापराची पुरचुंडी बांधली, आणि पैसे घेतले नाहीत. दुरुस्ती चोख झाली. तरी पावसाळ्यात वापरायची वस्तू देताना भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, मधून मधून ऊन दाखवा, हे आधीच सांगायला हवं होतं. एखाद्या चिठ्ठीवर लिहून दिलं तरी पुरे.

बाकीच्या वस्तूंपैकी तोरणं आणि रुखवताचं सामान निःशंक घ्या. सातपुड्यातल्या पावरा आदिवासी कारागिरांकडून बांबू विणून घेतलेले दिव्यांचे टोप आहेत, त्यांचा उजेड भिंतीवर फार सुंदर पडतो. किल्लीच्या साखळ्या मात्र मला कच्च्या वाटल्या, माझी महिन्याभरात उसवली. जायचं असेल तर सकाळी जा, दुपारी दीडनंतर बायका घरी जातात. पाऊस असेल तर गाडी डांबरी रस्त्यावरच लावा.

शनिवारी रात्री मखर उभं केलं. रविवारी सकाळी त्याच्यापुढे कानबाई म्हणून मांडलेल्या नारळाला डोळे, नथ, दागिने चढले. सासूबाई पाटावर बसल्या होत्या. त्यांनी काठावरून हात फिरवला, लुगडं ओळखलं, आणि म्हणाल्या, "आते कानबाई घरनी दिखस." रात्री बाया गाणी म्हणत होत्या, तेव्हा त्या पुन्हा पुन्हा तो काठ येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवत होत्या, कुठल्या वर्षी, कोणाच्या लग्नात घेतलेलं लुगडं ते सांगत.

सोमवारी विसर्जन झालं. मखर दोन उन्हं दाखवून सुती चादरीत गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. मधला पट अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईच्या मागे लावणार आहे. बाजूचे दोन धाकट्या जावेने तिच्या गणपतीसाठी आत्ताच मागून ठेवलेत.